उजव्या सोंडेचे एकतीस शर्ट

देव छापलेला कागद दैवशालाच्या घरातून कधी घंटागाडीत गेला नाही.

मंठ्यात मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या गल्लीत तिचं दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत एका भिंतीला देवघर, आणि त्याच्या समोरच्या भिंतीला टेबलावर टी-शर्ट छापायचं मशीन. आधी प्रिंटरमधून कागदावर चित्र निघायचं, फिकं, तापातून उठलेल्या माणसासारखं. तो कागद पांढऱ्या शर्टावर पालथा घालायचा, चिकटपट्टी लावायची आणि वरून मशीनचं तापलेलं झाकण दाबायचं. मशीनचं घड्याळ बिघडल्यापासून दैवशाला वेळ जपमाळेवर मोजायची. निम्मी माळ ओढून झाली की झाकण वर. शर्टावर चित्र लखलखीत उठलेलं असायचं आणि कागदावर नुसती त्याची सावली उरायची.

वाढदिवसाचे, क्रिकेटच्या टीमचे कागद ती कचऱ्यात टाकी. पण देवाचा कागद दोन्ही हातांनी उचलायचा, कपाळाला लावायचा आणि देवघराखालच्या कापडी पिशवीत ठेवायचा. वर्षातून एकदा ती माहेरी, शहागडला जाई, तेव्हा ती पिशवी सोबत नेऊन भावाच्या शेतात, बांधावरच्या वडाखाली पुरून येई. नवरा भारत हसायचा. "लोकं माहेरी लाडू नेतात, आमच्या घरचे रद्दी नेतात."

या सवयीपायीच ती चूक तिला सापडली. दुसऱ्या कुणाच्या घरी असती तर कागद केरात गेले असते आणि कुणाला काही कळलंही नसतं.

त्याचं असं झालं. श्रावण संपत आला होता आणि गल्लीतल्या गणेश मंडळाचा अध्यक्ष सुमित दारात येऊन उभा राहिला. बसस्टँडसमोर त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. पोरगा मनाचा साफ, हाकेला धावणारा. फक्त दोन शब्दांमागं एक शिवी, हे अख्ख्या गल्लीला पाठ. त्याच्यासोबत धर्मराज आबा होते. पंचवीस वर्षं मंडळाची आरती तेच सांगत आलेले.

"काकू, यंदा शर्ट जालन्याहून आणायचे न्हाईत," सुमित म्हणाला. "गल्लीत मशीन असताना बाहेर कशाला मरायला जायचं? एकतीस लागतील. मागं मंडळाचं नाव अन् पुढं छातीवर आपला गणपती. हा फोटो बघा, कारखान्यात जाऊन काढलाय. ह्योच आपला यंदाचा."

दैवशालानं फोटो पाहिला आणि तिचा हात आपोआप छातीशी गेला. मूर्ती खरोखर गोड होती.

"सोंड बघ बाई," आबा म्हणाले. "डावी. मूर्तिकार उजवी देत होता, म्या म्हणलं बिलकुल नको. उजव्या सोंडेचं सोवळं कडक. जरा कमी-जास्त झालं तर झेपायचं न्हाई. अन् आपल्या मंडळातली ही रत्नं."

"आबा, आम्ही काय इतके वाया गेलोत का?"

"तू तर संतच हाएस सुमित. फक्त तोंड उघडू नकोस."

दोघं हसत गेले. दैवशाला मात्र उंबऱ्यात थबकून राहिली. तीन वर्षं तिनं बायकांच्या ब्लाउजना हुक-काजं केली होती. मशीन आणलं त्याला दीड वर्ष झालं, पण कामं आली ती एका-दोघांच्या वाढदिवसाची. एकतीस शर्ट एकाच वेळी, तेही अंगावर घालून अख्ख्या मंठ्यातून फिरणारे! हे काम बराबर झालं तर गल्लीच नाही, वडीगोद्रीपर्यंतची मंडळं तिच्याकडं येतील. आणि बिघडलं तर? 'बिघडलं तर' हा विचार तिच्या मनात आधी यायचा, काम मागून.

तिनं आधी पाठीवरची नावं छापली. कागदावर अक्षरं उलटी काढायची, म्हणजे शर्टावर सुलटी उठतात. त्यासाठी संगणकात एक खूण करायची असते, एवढंच. नावं सुरेख उठली. मग छातीवरच्या गणपतीसाठी ती बसली, खूण केली, आणि पडद्यावरचा गणपती टपकन फिरला.

शेजारी सासूबाई, साळूबाई, तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांचा हात सुपातच राहिला.

"अगं, हे काय करून राह्यलीस? देवाला उलटं करतीस?"

"आत्याबाई, कागदावर उलटं काढलं की शर्टावर सुलटं उठतं."

"अक्षराचं खरंय. उलटं अक्षर कुणाला वाचता येत न्हाई. देवाला काय वाचायचंय? समोर तोंड हाय, दोन डोळे, दोन कान. इकडून बघ का तिकडून बघ. सणासुदीचं देवाला उलटं-पालथं करू नये बाई. मला तर बघवत न्हाई."

खरं सांगायचं तर दैवशालाच्याही बोटाला ते टोचलंच होतं. देवाला आपल्या हातानं उलटं करायचं! आणि आत्याबाई म्हणतात ते बरोबरच वाटलं. चेहरा समोरचा आहे, दोन्हीकडून सारखाच. तिनं खूण काढून टाकली. गणपती जसा होता तसा परत आला, तेव्हा दोघींनी पडद्याला हात जोडले.

सोंड दोघींच्या डोळ्यांसमोर होती. दोघींनाही दिसली नाही.

हरतालिकेच्या दिवशी दैवशालाला निर्जळी उपवास होता. सकाळी लाईट गेली ती अकराला आली, म्हणून शेवटचे सहा शर्ट राहिले होते. मशीन सुरू असलं की घरात मिक्सरसुद्धा लावता येत नसे, मीटरजवळचं बटण खाली पडायचं. एकतिसावा शर्ट झाला तेव्हा बारा वाजले होते. तिनं समाधानानं शर्टांच्या घड्या केल्या, मग कागदांचा गठ्ठा उचलला, कपाळाला लावला, आणि पिशवीत ठेवण्याआधी नेहमीप्रमाणं वरच्या कागदावरच्या देवाचं तोंड एकवार पाहिलं.

कागदावरची सोंड डावीकडं वळली होती. मूर्तीसारखीच.

कागदावर सरळ, म्हणजे शर्टावर... तिनं वरच्या शर्टाची घडी उलगडली. सोंड उजवीकडं. दुसरा उलगडला. उजवीकडं. तिसरा, चौथा. एकतीसच्या एकतीस उजव्या सोंडेचे गणपती तिच्या पुढच्या खोलीत पसरले होते आणि सगळे तिच्याकडं बघत होते.

"आत्याबाई," ती म्हणाली. तिनं शर्ट आणि कागद त्यांच्यापुढं धरला.

साळूबाईंनी शर्ट हातात घेतला, कागद हातात घेतला, एकाकडून दुसऱ्याकडं बघितलं. हळूहळू त्या खाली बसल्या.

"पुसता येतं का?"

"न्हाई. रंग धाग्यात जाऊन बसतो. शर्ट फाटला तरी चित्र जात न्हाई."

"दुसरे शर्ट?"

"जालन्याहून येतात. आज सणाचं कोण देतंय? अन् सुमित चार वाजता न्यायला येतोय."

बारा वाजता भारत मोंढ्यातल्या आडतीवरून जेवायला यायचा, तो आज उशिरा आला. त्यानं ऐकून घेतलं, भाकरी मोडली.

"कोण बघतंय? सोंड म्हणजे काय घड्याळाचा काटा हाय का, लोकं येता-जाता बघायला?"

"आबा बघतील."

"आबांच्या डोळ्यात मोतीबिंदू."

"आबांना दिसत न्हाई म्हणून देवाला दिसत न्हाई का?"

भारतचा घास हातातच थांबला. "मंग जा, सांग. उद्या सकाळी नऊला मूर्ती आणायचीय. पोरं शर्ट तोंडावर फेकतील, गल्लीत बोभाटा होईल. अन् मंग पुन्हा बस ब्लाउजला हुक लावत." तो रागानं बोलला नव्हता, ती त्याचीही भीतीच होती. पण दैवशालाला ते आरपार लागलं.

तो गेल्यावर शेजारची गोजरबाई पूजेची पत्री घेऊन आली. शर्ट पाहताच तिनं गालावर हात ठेवला. "अगं बाई, किती देखणा गं! माझ्याकडंच बघून राह्यलाय जसा काही." तिला सोंड दिसली नाही. दैवशालाच्या मनात एक दार किलकिलं झालं. दिसत नाहीच कुणाला. गप्प बसलं तर? दहा दिवस. नुसते दहा दिवस.

पण मग तिच्या डोळ्यांपुढं मागच्या वर्षीची मिरवणूक आली. एक पोरगा ट्रॉलीवरून पडला होता, हाताचं हाड मोडलं होतं. तेव्हा सगळे म्हणाले, पोरगा वेंधळा. यंदा कुणी पडलं तर? तळ्यात कुणाचा पाय घसरला तर? त्याच्या छातीवर कोण असेल? ज्याचं सोवळं पाळायला मंडळानं स्वतः नाही म्हटलं, तोच. आणि त्याला तिथं कुणी बसवलं? तिनं हरतालिकेच्या पूजेसाठी वाळूची पिंड करायला घेतली. पिंड दोनदा ढासळली.

"माझं नाव सांग," साळूबाई मागून म्हणाल्या. "म्हणावं म्हातारीनं सांगितलं. मला काय, कुणी चार शब्द बोललं तर बोललं."

"बोट माझं होतं, आत्याबाई."

चारच्या आधीच सुमित आला. तिला तोंड उघडायलाही न देता त्यानं एक शर्ट अंगात चढवला, मोबाइल पुढं धरला. "काकू, एक नंबर! जालनेवाले झक मारतील!" तो स्वतःचा फोटो काढत होता. दैवशाला त्याच्या मागं उभी होती, आणि मोबाइलच्या काचेत तिला गणपती दिसला. डाव्या सोंडेचा! तिच्या जिवात जीव आला. माझेच डोळे फिरले होते का? पण काच आरशासारखी असते. फोटो निघाला आणि सोंड परत उजवीकडं गेली.

"सुमित," ती म्हणाली, "त्या फोटोत सोंड बघ."

त्यानं बघितलं. मोठी करून बघितली. मग आपल्या छातीकडं बघितलं, आणि त्याच्या तोंडातून अर्धी शिवी बाहेर पडली. उरलेली अर्धी त्यानं देवघराकडं पाहून गिळली.

"काकू! उद्या सकाळी ढोल वाजणार, अन् तुम्ही आज सांगून राह्यल्या?"

"आजच कळलं रे. दुपारी. तेव्हापासून जीव थाऱ्यावर न्हाई."

"मला न सांगता दिले असते तर? मला काय कळलं असतं?"

"न्हाई कळलं असतं," दैवशाला म्हणाली. "म्हणूनच सांगितलं."

त्यानं शर्ट काढला, घडी करायचा प्रयत्न केला, जमली नाही. "चला आबाकडं. मी एकटा ऐकून घेणार न्हाई."

मंडपात पोरं झालरी लावत होती. दैवशाला डोक्यावर पदर घेऊन, शर्टांची पिशवी पोटाशी धरून आत गेली. सकाळपासून पाण्याचा थेंब नव्हता, घशाला नुसती कोरड. धर्मराज आबांनी चष्मा पुसला, शर्ट उजेडात धरला आणि खूप वेळ पाहत राहिले. झालरी लावणारे हात एकेक करून थांबले.

"चूक कुणाची?"

"माझी."

"कशी झाली?"

तिनं सांगितलं. देवाला उलटं करवेना, ते सांगितलं. आत्याबाईंचं नाव घेतलं नाही. एक पोरगा खुदकन हसला, आबांनी त्याच्याकडं पाहिलं.

"वहिनी, शर्ट जालन्याहूनच आणायचे होते," दुसरा कुणीतरी शिडीवरून बोलला. तिनं वर पाहिलं नाही.

"शास्त्र मला काही ठावं न्हाई," आबा सावकाश म्हणाले. "छापलेल्या देवाला सोवळं लागतं का न्हाई, हे बी ठावं न्हाई. कुण्या पंडिताला विचारायला आता वेळ न्हाई. पण मनात शंका आली ना? शंका आली की पाळलेलं बरं. ज्याला शर्ट घालायचा त्यानं घालावा. दहा दिवस गुटखा न्हाई, दारू न्हाई, मटण न्हाई, शिवी न्हाई. रोज अंघोळ करून घालायचा, जमिनीवर टाकायचा न्हाई. ज्याला जमत न्हाई त्यानं बाईच्या घरी नेऊन द्यावा. त्याला कुणी हसायचं न्हाई. पाळतो म्हणून न पाळणारा वाईट, न्हाई म्हणणारा न्हाई."

"आबा, बुधवारी माझ्या मामाकडं कंदुरी हाय," आदिनाथ नावाचा पोरगा कळवळून म्हणाला. "बोकड कापणारेत."

"मंग मामाच्या बोकडाला जा, शर्टाला नको."

सगळे हसले. दैवशालाला हसू आलं नाही. शर्ट कुणी तोंडावर फेकले नव्हते, पण तिला हलकंही वाटत नव्हतं. तिच्या एका बोटापायी आता एकतीस पोरांना दहा दिवस पाळायचं होतं. कुणी चुकलं तर ते कुणाच्या माथी?

घरी येऊन तिनं देवापुढं सांगून टाकलं: विसर्जन होईपर्यंत मीही एकच वेळ जेवीन.

दुसऱ्या दिवशी नऊला ढोल वाजले. ती आणि साळूबाई दारात उभ्या राहिल्या. दैवशाला शर्ट मोजत होती, ओठ हलत होते. बावीस. बावीस जणांच्या छातीवर उजव्या सोंडेचा गणपती चालला होता. सर्वांत पुढं सुमित होता, मागच्या वर्षीच्या निळ्या शर्टात.

सकाळीच आठ जण शर्ट देऊन गेले होते, त्यांच्यामागून तो आला होता. "काकू, हा ठेवा. शिवी मी देत न्हाई हो, ती निघती. दात घासायच्या आधीच दोन निघाल्या. अध्यक्षानंच मोडलं तर बाकीच्यांनी काय पाळायचं?" शर्टाची घडी या वेळी नीट होती, त्याच्या आईनं केली असावी. आदिनाथचा शर्ट मात्र परत आला नाही. मामाला त्यानं फोनवर काय सांगितलं कुणास ठाऊक.

ते दहा दिवस दैवशालाला जन्मभर पुरतील असे गेले. गल्लीत जोरात ब्रेक वाजला की ती दारात. कुणी मोठ्यानं हाक मारली की तिच्या हातातलं लाटणं थांबायचं. चौथ्या दिवशी आदिनाथला ताप आला. ती सुंठेचा काढा घेऊन गेली आणि त्याच्या आईला नाना आडवळणानं विचारू लागली, पोरगं काही बाहेरचं खाऊन आलं का, कुठं गेल्तं का? आई म्हणाली, "दोन दिवस पावसात मंडपाची ताडपत्री बांधून राह्यलं, मंग ताप येणार न्हाई तर काय?" तरी दैवशालाला ताप उतरेपर्यंत झोप नव्हती.

शर्ट अधूनमधून परत येत राहिले. एक जण म्हणाला, तंबाखू सुटली नाही. एकानं दोस्ताच्या वाढदिवसाला घोट घेतला होता. एकानं शर्ट नुसता हातात दिला, कारण सांगितलं नाही. तिनं विचारलं नाही. ते सगळे शर्ट देवघराखाली, कागदांच्या पिशवीशेजारी राहिले. साळूबाई रोज तिकडं पाहून म्हणत, "किती राह्यले गं?" एकोणीस राहिले होते.

अनंत चतुर्दशीला दुपारी दोनला दारात सुमित. अंघोळ केलेला, कपाळाला गंध, आणि तोंड गच्च मिटलेलं. त्यानं देवघराखाली बोट दाखवलं, मग आपल्या छातीवर ठेवलं.

"मुका झाला का रे?" साळूबाई म्हणाल्या.

त्यानं इकडं-तिकडं पाहिलं, एकेक शब्द चाचपून बाहेर काढला. "सकाळपासून बोललोच न्हाई, आजी. म्हणलं, दहा जमले न्हाईत, एक तरी बघू. द्या की काकू. सगळी पोरं त्यात, अन् मी एकटा निळा."

दैवशालाचा हात पिशवीवर अडखळला. मिरवणुकीचा दिवस, गर्दी, गुलाल, ट्रॅक्टर. आजच्यापेक्षा कठीण दिवस दहात नव्हता. "सुमित, अंगात घातलास की मंग..."

त्यानं नुसती मान हलवली. तिनं शर्ट दोन्ही हातांनी दिला, त्यानं दोन्ही हातांनी घेतला.

मिरवणूक चारला दारासमोर आली. दैवशाला ओट्यावर खांबाला धरून उभी. वीस शर्ट. ट्रॅक्टर वळवायला गल्ली पुरेना, म्हणून सुमित मागं उभा राहून हातवारे करत होता, एक शब्द न बोलता. तेवढ्यात मागच्या मागं सरकताना ढोलवाल्यानं गळ्यातला मोठा ढोल खाली ठेवला, तो नेमका सुमितच्या उघड्या अंगठ्यावर.

सुमित पांढराफटक पडला. ढोल थांबले, कारण ढोलवाल्याला आता काय ऐकावं लागणार हे ठाऊक होतं. अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. आबा ट्रॉलीवरून वाकून पाहू लागले. सुमितचं तोंड उघडलं, मानेच्या शिरा ताठल्या. दैवशालानं श्वास धरला. साळूबाईंनी तिचं मनगट.

"मो..." त्याच्या घशातून आलं. डोळ्यांत पाणी होतं. "मोऽऽरया!"

आणि अख्खी गल्ली ओरडली. ढोलवाल्यानं सुमितच्या पाया पडून ढोल उचलला. सुमित लंगडत पुढं निघाला, तोंड पुन्हा गच्च मिटून, छातीवरचा गणपती गुलालानं माखलेला.

दैवशाला आत गेली. तिनं दहा दिवसांत पहिल्यांदा स्वतःसाठी संध्याकाळचा भात टाकला, कुकरची शिट्टी ऐकली, गॅस बंद केला. पण पोरं तळ्यावरून एकूण एक परत आली, आणि तिनं दारात उभं राहून वीसच्या वीस मोजली, तोपर्यंत तिनं ताट वाढून घेतलं नाही.